दार कुणाचं उघडं? विज्ञान शिकायला विद्यापीठ निवडण्याचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा संयोजकांनी मला विचारलं होतं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत प्रवेशाचा प्रश्न कशाला? त्याचं उत्तर आत्ता येताना पायऱ्यांवरच मिळालं. नेरूळचे एक गृहस्थ भेटले. मुलगी बारावी सायन्स झालीय. तीन ठिकाणी प्रवेश मिळतोय: पुण्याची आयसर, कलिन्याचं मूलभूत विज्ञान केंद्र आणि वाशीतलं घराजवळचं कॉलेज. शुक्रवारपर्यंत फी भरायची आहे. आई म्हणते कॉलेज, मुलगी म्हणते पुणे. वडिलांनी मला विचारलं, "सर, यात नाव कुणाचं मोठं?" म्हटलं, आत बसा, शेवटी बोलू.

गंमत बघा, हा प्रश्न या गृहस्थांच्या आजोबांना पडलाच नसता. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं 1857 साली, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे विद्यापीठानं परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची, शिकवायचं कॉलेजांनी. कराचीचा, अहमदाबादचा, धारवाडचा, पुण्याचा विद्यार्थी एकाच विद्यापीठाची परीक्षा द्यायचा. पुण्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते थेट 1949 मध्ये. तोवर निवड असायची ती कॉलेजची. एल्फिन्स्टन की विल्सन, फर्ग्युसन की झेवियर्स. पदवी एकच.

साहित्याच्या, कायद्याच्या विद्यार्थ्याचं यात फार अडत नव्हतं. ग्रंथालय आणि चांगला प्राध्यापक मिळाला की भागायचं. विज्ञानाचं तसं नाही. तिथं प्रयोगशाळा लागते, आणि ती परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाकडं नव्हती. फोर्टमधली रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स 1920 साली सुरू झाली. विद्यापीठाचा स्वतःचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे माटुंग्याची यूडीसीटी, निघाला 1933 मध्ये. म्हणजे विद्यापीठाला शहात्तर वर्षं झाल्यावर.

याच 1933 सालची एक निवड सांगतो. कमला भागवत. आपण त्यांना कमला सोहोनी म्हणून ओळखतो. दुर्गाबाई भागवतांच्या या भगिनी. मुंबई विद्यापीठाची बीएस्सी त्या पहिल्या क्रमांकानं उत्तीर्ण झाल्या. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटांच्या संस्थेत शिकलेले. कमलाबाईंना तिथंच जायचं होतं, कारण संशोधन तिथं चालायचं. अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन, नोबेल मिळून तीन वर्षं झालेली. नकार आला. कारण काय, तर मुलगी आहे म्हणून.

आता विचार करा, गुण होते, घरात त्याच संस्थेची परंपरा होती, तरी दार बंद. कमलाबाई बंगळूरला जाऊन ठाण मांडून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष उमेदवारीचं. मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्रीसुद्धा काम करायचं. संस्थेच्या वातावरणात व्यत्यय आणायचा नाही. त्यांनी ते मान्य केलं, काम करून दाखवलं, आणि मग त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत. पुढे अनेक वर्षांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या कार्यक्रमात त्यांनी ते स्पष्ट बोलून दाखवलं. या संघटनेचं कार्यालय आपल्या वाशीतच आहे, बरं का.

तिथून त्या गेल्या केंब्रिजला, फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्र विभागात. वनस्पतींमध्येही सायटोक्रोम सी असतं हे त्यांनी दाखवलं आणि 1939 मध्ये पीएचडी मिळवली. आणि हे लक्षात ठेवा, केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व देऊ लागलं ते 1948 मध्ये. म्हणजे एवढं जगभर नाव असलेलं विद्यापीठ त्यांना बरोबरीचं मानत नव्हतं, पण हॉपकिन्स यांच्या विभागात त्यांना बाक मिळाला होता, उपकरणं मिळाली होती, शेजारी काम करणारी माणसं होती. त्यांचं काम उभं राहिलं ते त्या बाकावर. परत आल्यावर काही वर्षांनी त्या मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या, विद्यार्थ्यांना घेऊन नीरेवर संशोधन केलं, पुढे तिथल्या संचालकही झाल्या.

स्वातंत्र्याच्या आसपास आपल्याकडं मोठ्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. टीआयएफआर 1945 साली. मग ट्रॉम्बेचं अणुऊर्जा केंद्र, तिथली अप्सरा अणुभट्टी 1956 साली सुरू झाली. पण या संस्था विद्यापीठाच्या बाहेर निघाल्या. होमी भाभांना काम झपाट्यानं करायचं होतं, आणि विद्यापीठं परीक्षांच्या ओझ्याखाली होती. मेघनाद साहांसारख्यांचं म्हणणं वेगळं होतं. संशोधन विद्यापीठातच वाढावं असं त्यांना वाटे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. भाभांचा मार्ग देशानं धरला, आणि त्याची किंमत बीएस्सीच्या विद्यार्थ्यानं मोजली. शिकवणारे एका जागी, शोधणारे दुसऱ्या जागी.

मी स्वतः नव्वदच्या दशकातला बीएस्सी. वाशीची लोकल 1992 च्या मे महिन्यात सुरू झाली, त्यातून जायचो. खाडीपुलावर डाव्या हाताला ट्रॉम्बेचा डोंगर दिसायचा. देशातली एवढी मोठी विज्ञानसंस्था डोळ्यांसमोर, आणि माझ्या बॅगेत जर्नल. त्यातली रीडिंग्ज आदल्या वर्षीच्या मुलाच्या जर्नलमधून उतरवलेली! तीन वर्षांत संशोधन करणारा एक माणूस जवळून पाहिला नाही. मी इतिहासाकडं वळलो त्याला हेही एक कारण आहे. (हशा)

ही फट बुजवायचा प्रयत्न अलीकडचा आहे. पुण्याची आयसर 2006 ची, पाषाणला, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शेजारी. कलिन्याचं केंद्र 2007 चं. मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी मिळून काढलेलं. ज्या दोघांची पन्नास वर्षं ताटातूट होती, ते तिथं एका छताखाली आले. बंगळूरच्या संस्थेनं चार वर्षांची पदवी सुरू केली 2011 मध्ये. बारावीनंतर थेट संशोधकांकडून शिकायचं, हा पर्याय एवढा नवा आहे. आपल्या घरांत त्याचा अनुभव नाही, म्हणून आपण नावाची चौकशी करतो.

आणि घराजवळचं कॉलेज म्हणजे दार बंदच, असंही नाही. वाशीनंतरचं पहिलं स्टेशन मानखुर्द. तिथल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं 2004 पासून बीएस्सीच्या मुलांना संशोधनाशी जोडणारा उपक्रम चालवला. खारघरला कर्करोग संशोधनाचं ॲक्ट्रेक आहे. कॉलेजातला एखादा प्राध्यापक मुलांना अशा ठिकाणी धाडत असेल, तर तोही रस्ताच आहे. फक्त तो आपला आपण शोधावा लागतो.

तर नेरूळच्या साहेबांना माझं उत्तर. नाव कुणाचं मोठं, हे विचारू नका. तिन्ही ठिकाणी आत्ता शिकत असलेल्या मुलांना गाठा आणि तीन गोष्टी विचारा. शिकवणारे स्वतः काय शोधतायत? प्रयोगशाळेत हात कितव्या वर्षी लागतो? आणि पहिल्या वर्षानंतर विषय बदलावासा वाटला तर बदलता येतो का? खर्चाचा, वसतिगृहाचा, आईच्या काळजीचा हिशेब त्यानंतर घरी बसून करा. तो खराच आहे, त्याला कमी लेखू नका.

आणि एक विनंती. ही चौकशी तुम्ही करू नका. मुलीला करू द्या. शुक्रवारला अजून चार दिवस आहेत.