कूनगाराची भूमी : वारसा-दर्जा, खाणकाम आणि मूलनिवासींचा हक्क

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील काकाडू राष्ट्रीय उद्यानाच्या सीमा १९७९ मध्ये आखण्यात आल्या, तेव्हा युरेनियमचे साठे असलेले कूनगारा हे १,२२८ हेक्टरांचे क्षेत्र हेतुपुरस्सर वगळण्यात आले. १९८१ मध्ये काकाडूचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. तथापि, उद्यानाने चहूबाजूंनी वेढलेल्या रेंजर खाणीतील युरेनियम-उत्पादन जानेवारी २०२१ पर्यंत चालूच राहिले. वारसा-दर्जाची सीमारेषा कोण आखतो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

कूनगारा वाचले ते जेफ्री ली यांच्या नकारामुळे. ली हे जोक कुळाचे ज्येष्ठ पालक. १९७६ च्या आदिवासी भूमिहक्क कायद्याने पारंपरिक भूमालकांना खाणकामास संमती नाकारण्याचा अधिकार दिला होता. ली यांनी मोठ्या धनलाभावर पाणी सोडून तो वापरला. जून २०११ मध्ये पॅरिस येथे जागतिक वारसा समितीने कूनगाराचा काकाडूत अंतर्भाव केला व २०१३ मध्ये संघीय संसदेने १९८१ चा कूनगारा प्रकल्पक्षेत्र कायदा रद्द केला. येथे दर्जा नंतर आला. नकाराधिकार आधीपासून होता. मराठीत 'वारसा' म्हटले की 'वारस' ओघानेच येतो. कायद्याच्या भाषेत मात्र या दोहोंची सहज फारकत होते.

जूकन घळीच्या बाबतीत नेमके हेच घडले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील या घळीत ४६,००० वर्षांपूर्वीपासूनच्या मानवी वावराचे पुरावे होते. २०१४ च्या उत्खननात तेथे सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची केसांची वेणी सापडली. तिचे जनुकीय नाते आजच्या पुट्टू कुंटी कुर्रामा व पिनिकुरा लोकांशी जुळले. इतका प्रत्यक्ष वारस-दाखला इतिहासाच्या अभ्यासकाला क्वचितच लाभतो! परंतु १९७२ च्या आदिवासी वारसा कायद्यातील कलम १८ अन्वये रिओ टिंटो कंपनीला २०१३ मध्येच परवानगी मिळाली होती. नवा पुरावा हाती आल्यावरही तिचा फेरविचार व्हावा अशी तरतूद नव्हती, आणि मूलनिवासींना अपिलाचा हक्कही नव्हता. मे २०२० मध्ये सुरुंग लावून तेथील शैलाश्रय उद्ध्वस्त करण्यात आले. संरक्षणाच्या नावाचा कायदा विध्वंसाचा परवाना ठरला तो असा.

त्यानंतर झालेला नवा राज्य-कायदा १ जुलै २०२३ रोजी पूर्णतः लागू झाला आणि जमीनधारकांच्या विरोधामुळे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मागे घेण्यात आला. १९७२ चा कायदा दुरुस्तीसह पुन्हा आला. मंत्र्यांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क मूलनिवासींना त्यातून मिळाला. कूनगाराच्या पारंपरिक मालकांकडे होता तसा नकाराधिकार मात्र नाही.