जात्याजवळचा विसावा

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजनीती, हत्ती, रत्ने, पक्वान्ने, मल्लविद्या असे नाना विषय त्याने त्यात हाताळले आहेत. गीतप्रकारांचे विवेचन करताना तो जाता जाता एक नोंद करून ठेवतो : महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात. या नोंदीचे राजाला फारसे महत्त्व वाटले असेल असे दिसत नाही. मराठी घराच्या इतिहासात मात्र ती मोलाची आहे. या प्रदेशातील स्त्री नऊशे वर्षांपूर्वीही मुसळ उचलीत असे ती मुकाट्याने नव्हे, एवढे तिच्यावरून निश्चित होते.

घरातील ओढाताण ही आजच्या धावपळीने निर्माण केलेली नवी पीडा आहे, पूर्वीच्या नांदत्या घरात सारे शांत व सुखरूप होते, असे पुष्कळांना वाटते. दळणाकांडणाच्या ओव्या ज्यांनी लक्षपूर्वक ऐकल्या आहेत त्यांना ही समजूत टिकवून धरणे कठीण जाईल. न कळत्या वयात लग्न होऊन परक्या घरी आलेली मुलगी, तिच्यावर सत्ता चालविणारी आणि स्वतः कधीकाळी तशाच सत्तेखाली वाढलेली सासू, दिवसा बायकोशी चारचौघांत बोलण्याची चोरी असलेला नवरा, जावांमधील चढाओढ, वर्षा-दोन वर्षांनी येणारे बाळंतपण आणि त्यातले निम्मेअधिक दुःख उघडपणे सांगण्यास बंदी, अशी त्या घराची घडण होती. त्या घरात ताण नव्हता असे नाही. तो बोलून दाखविण्याची जागा नेमून दिलेली होती. ती जागा म्हणजे जाते.

जाते ही वस्तू दिसावयास साधी. फिरत्या जात्याचे दगड महाराष्ट्रात सातवाहनकाळाइतके मागे जातात. नेवासे येथे डेक्कन कॉलेजच्या वतीने झालेल्या उत्खननांनंतर डॉ. ह. धी. सांकलिया यांनी त्यांच्याविषयी लिहिले आहे. खालची तळी स्थिर, वरची तळी खुंट्याला धरून फिरवावयाची, मधल्या तोंडात मुठीमुठीने दाणे वैरावयाचे, आणि पाळीभोवती साचलेले पीठ ओढून घ्यावयाचे. दगड गुळगुळीत झाला की पाथरवटाला बोलावून त्याला टाकी लावून घ्यावयाची. काम पहाटेचे. माणसे उठण्यापूर्वी दिवसाचे पीठ तयार हवे, म्हणून कोंबडा आरवण्याआधी घरातील एक किंवा दोघी समोरासमोर बसत. दोघी असल्या म्हणजे दोघींचे हात एकाच खुंट्यावर येत. ज्या दोघींचे दिवसभर पटत नसे त्यांनाही येथे एका लयीत ओढावे लागे, कारण एकीने हात सैल सोडला की दुसरीच्या खांद्यावर भार पडतो.

अशा वेळी जे गायिले जाई ते कोणाला उद्देशून होते, हे पाहण्यासारखे आहे. ओवी सासूला उद्देशून क्वचितच असते. ती जात्याला देव मानून त्याच्याशी बोलते, शेजारणीला हाक मारते, माहेरच्या वाटेकडे पाहते, न आलेल्या भावाची वाट पाहते, किंवा वनवासातील सीतेचे दुःख सांगते. वनात एकटी बाळंत होणारी सीता ही गाणाऱ्या सुनेचीच सावली आहे, हे ऐकणाऱ्या सर्वांना कळत असे. अंथरुणावर जागी असलेली सासू ते ऐके. नवराही ऐके. परंतु गाणे हे गाणे असल्यामुळे कोणालाही त्याचा जाब विचारता येत नसे. जे दुपारी बोलले असते तर उलट उत्तर ठरले असते, ते पहाटे लयीत म्हटले की ओवी ठरे. मनुष्याच्या मनावरील दडपण कसे हलके करावे याविषयी पुढे मोठाले ग्रंथ लिहिले गेले. येथे निरक्षर बायकांनी पिढ्यानुपिढ्या एक व्यवस्था चालवून दाखविली, आणि तीही घराची चौकट न मोडता. चौकट न मोडल्यामुळे ती चौकटही टिकून राहिली, हा त्या व्यवस्थेचा दोष मानावयाचा असेल तर मानता येईल.

नामदेवांच्या घरची दासी जनाबाई दळू लागली म्हणजे विठ्ठल खुंट्याला हात लावी, ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. पंढरपूरजवळ गोपाळपुरास तिचे जाते म्हणून एक जाते आजही दाखवितात. या कथेकडे भक्तीच्या दृष्टीने पाहिले जाते ते योग्यच आहे. पण देवाकडे मागणे कोणते, तर मोक्ष नव्हे, दळणाला जोडीदार, ही गोष्ट कथा सांगणाऱ्या बायकांच्या मनाला अधिक भिडली असावी. खानदेशात असोद्यास जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. ऐन तारुण्यात वैधव्य आले, शेत आणि संसार दोन्ही अंगावर पडले. घरकाम आणि शेतकाम करताना त्यांनी रचलेली गाणी त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव आदींनी लिहून घेतली नसती तर ती त्यांच्याबरोबरच गेली असती. १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली, तेव्हा कोठे शहरी वाचकाला घरोट्याजवळ काय घडत होते याची कल्पना आली.

ही गोष्ट केवळ महाराष्ट्राची नाही. भोजपुरी मुलखात जात्यावरच्या गीतांना ‘जँतसार’ असे स्वतंत्र नाव आहे. पंडित रामनरेश त्रिपाठी यांनी हिंदी मुलखातील ग्रामगीते गावोगाव हिंडून जमविली. विजापूर भागातील हलसंगीच्या मित्रमंडळींनी १९३१ मध्ये ‘गरतिय हाडु’ या नावाने कानडी गृहिणींची गाणी छापली. मराठीत साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ मध्ये ओव्या आप्तसंबंधांनुसार लावून दिल्या, पुढे डॉ. सरोजिनी बाबर यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर केले. विसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत राम-सीता आहेत, विठोबा आहे, आणि दलित वस्त्यांतील स्त्रियांनी बाबासाहेबांवर व बुद्धावर रचलेल्या ओव्याही आहेत. १९५६ चे धर्मांतर जात्यापर्यंत पोचण्यास फार काळ लागला नाही. याच काळात जनगणनेच्या तक्त्यांतून मात्र केवळ घरकाम करणारी स्त्री ‘काम न करणारी’ या सदरात पडत असे. सरकारी रकान्यांना दळण दिसले नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर तेलाच्या इंजिनावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या मोठ्या गावांतून पसरू लागल्या. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढील दोन-तीन दशकांत विजेची गिरणी आडगावीही पोचली. गिरणीत पीठ तापते, त्याच्या भाकरीला गोडी राहत नाही, अशी तक्रार घरोघरी ऐकू येई. तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी खुंटा कधी धरलेला नव्हता. बायकांनी गिरणीचे स्वागत केले. पहाटेची झोप मिळाली, खांदे वाचले, आणि गरोदरपणी दळण ओढण्याची सक्ती संपली. ओवीच्या प्रेमापोटी जाते परत आणावे असे कोणत्याही दळणारणीने म्हटलेले नाही, हे लोकसाहित्याच्या भाबड्या चाहत्यांनी लक्षात ठेवावे. तोटा झाला तो दोन ठिकाणी. लोकांची दळणे दळून पोरे वाढविणाऱ्या विधवांची मिळकत बुडाली. याची नोंद कोणी ठेवली नाही. आणि दुसरे म्हणजे, श्रम गेले तरी ते ज्या घरात होते ते घर होते तसेच राहिले. सासू होती, सून होती, न आलेला भाऊ होता. बोलण्याची वेळ तेवढी नाहीशी झाली.

ती वेळ बायकांनी हळूहळू इतरत्र शोधली. गिरणीपुढे डबे रांगेत ठेवून उभे राहिले की बोलणे होऊ लागले, नळावर होऊ लागले. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील ‘वनिता मंडळ’ लागले म्हणजे दुपारच्या निवडण्या-टिपण्याला सोबत होई. महिला मंडळे निघाली, भजनी मंडळे निघाली. १९७५ मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना झाली, आणि पुढे बचत गट वाढले. बचत गटाच्या बैठकीत हिशेब अर्ध्या तासात उरकतो, बायका मात्र तासभर हलत नाहीत, असा अनुभव गावोगाव सांगितला जातो. नवऱ्याच्या दारूविषयी तेथे आता सरळ गद्यात बोलले जाते. ओवीतील आडवळण तेथे लागत नाही.

जाते अजून अगदी गेलेले नाही. लग्नघरी घाणा भरताना ते माळ्यावरून खाली येते, स्वच्छ धुतले जाते, खुंट्याला हळकुंड-सुपारी बांधतात आणि पाच सुवासिनी त्यावर हळद दळतात. ओव्या म्हणावयास आता कोणाला येत नाहीत. म्हणून शेजारच्या घरातून एखाद्या म्हातारीला आग्रहाने आणून बसवितात. ती प्रथम नवऱ्या मुलीच्या, मांडवाच्या, देवकाच्या ओव्या म्हणते. मुली हसतात, कोणी छायाचित्रे घेते. मग हळद संपत आली तरी ती थांबत नाही, आणि जे म्हणते ते लग्नाचे नसते.