नाडी, श्वास आणि उत्तर : भुलीच्या निरीक्षणाचा इतिहास

शस्त्रक्रियेपूर्वी रोग्यास बेशुद्ध करण्याच्या क्रियेला मराठीत 'भूल देणे' असे म्हणतात. १८४६ साली ऑलिव्हर वेंडेल होम्स याने सुचविलेल्या ग्रीक घडणीच्या इंग्रजी संज्ञेत केवळ संवेदनेचा अभाव अभिप्रेत आहे. 'संवेदनाहरण', 'बधिरीकरण' हे ग्रंथांतील पर्याय त्याच अर्थाचे होत. लोकांच्या तोंडी मात्र 'भूल' हाच शब्द राहिला. भुलणे म्हणजे विसरणे, मोहित होणे आणि चुकणे. यांतील पहिले दोन अर्थ रोग्याच्या अवस्थेचे वर्णन करतात. तिसरा, चुकण्याचा, भूल देणाऱ्याच्या वाट्यास येऊ शकतो. ती चूक टाळण्यासाठी रोग्याच्या कोणत्या खुणेवर विश्वास ठेवावा, या प्रश्नाचा इतिहास म्हणजेच भुलीच्या निरीक्षणाचा इतिहास होय. त्यातील एक महत्त्वाचा अध्याय निजामाच्या हैदराबादेत घडला, आणि त्या काळी वऱ्हाडचा कारभारही हैदराबादशीच जोडलेला होता.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग यशस्वी झाला. पुढच्याच वर्षी लंडनच्या जॉन स्नो याने ईथरच्या अंमलाचे पाच टप्पे वर्णिले. नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरोच्या सिम्पसनने क्लोरोफॉर्म प्रचारात आणला. हे द्रव्य वापरण्यास सोपे व त्वरित गुण देणारे असल्यामुळे त्याचा प्रसार झपाट्याने झाला. परंतु २८ जानेवारी १८४८ रोजी हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्याच्या किरकोळ शस्त्रक्रियेच्या वेळी काही मिनिटांतच मृत्यू पावली. तेव्हापासून दोन पक्ष पडले. स्नो व त्याच्यामागून क्लोव्हर यांच्या मते क्लोरोफॉर्म हृदयावर आघात करू शकते. म्हणून नाडीवरील बोट क्षणभरही उचलू नये. एडिंबरोच्या साइमचा संप्रदाय श्वासावर भर देई. श्वास नीट चालला तर हृदय सांभाळले जाते. नाडीकडे पाहिल्याने लक्ष मात्र विभागते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

साइमचा शिष्य एडवर्ड लॉरी हा हैदराबाद रेसिडेन्सीचा सर्जन व तेथील वैद्यकीय शाळेचा प्रमुख होता. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, तरी त्यावरील निजामाचे नाममात्र स्वामित्व कायम होते, आणि १९०३ पर्यंत हैदराबादचा रेसिडेंट हाच वऱ्हाडचाही मुख्य अधिकारी असे. म्हणजे अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांच्या कारभाराचे शिखर ज्या रेसिडेन्सीत होते, तेथीलच सर्जनाने हा वाद निकालात काढण्याचे मनावर घेतले. निजाम मीर महबूब अली खान याच्या आश्रयाने १८८८ साली पहिला क्लोरोफॉर्म आयोग बसला. त्याचे निष्कर्ष लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकास पटले नाहीत. तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊन त्या नियतकालिकाच्या प्रतिनिधीस पाचारण केले, आणि १८८९ साली लॉडर ब्रंटन हा औषधिशास्त्रज्ञ हैदराबादेस आला. दुसऱ्या आयोगाने कुत्री, माकडे, घोडे, शेळ्या, मांजरे व ससे मिळून ४९० प्राण्यांवर प्रयोग केले. क्लोरोफॉर्मने हृदय थेट बंद पडू शकते असे ब्रंटन पूर्वी मानीत असे. येथे त्याचे मत पालटले. आयोगाचा निर्णय असा की श्वास आधी थांबतो, हृदय मागून. म्हणून भूल देणाऱ्याने सर्वस्वी श्वासावरच दृष्टी ठेवावी.

या निर्णयाची अर्धी बाजू आजही खरी आहे. श्वासमार्ग मोकळा ठेवणे हा भूलशास्त्राचा पहिला धडा होय. उरलेल्या अर्ध्या बाजूचा खुलासा १९११ साली गुडमन लेव्ही याच्या प्रयोगांनी केला. क्लोरोफॉर्मचा अंमल हलका असताना उत्तेजना मिळाली की हृदयाचे ठोके एकाएकी विस्कळित होऊन ते थांबू शकते, असे त्याने मांजरांवर दाखविले. म्हणजे गाढ निद्रेइतकेच अर्धवट गुंगीलाही भ्यावयास हवे होते. नाडीकडे पाहू नये हा उपदेश या धोक्यापुढे निरुपयोगी होता. हैदराबादच्या प्रयोगकर्त्यांचे परिश्रम मोठे होते. त्यांचा दोष एवढाच की एका खुणेस त्यांनी सर्व खुणांचे स्थान दिले.

विसाव्या शतकात खुणांची संख्या वाढत गेली. १८९४-९५ च्या सुमारास बोस्टन येथे कुशिंग व कॉडमन यांनी नाडी व श्वास यांची नोंद करणारे तक्ते सुरू केले होते. १९२० साली गेडेल याने डोळ्यांची हालचाल, बाहुली व श्वास यांवरून ईथरच्या अंमलाच्या चार पायऱ्या ठरविल्या. १९४२ साली मॉन्ट्रियल येथे स्नायू शिथिल करणारे क्युरारे भुलीच्या जोडीस वापरले गेले, आणि यातील पुष्कळशा खुणा मुक्या झाल्या. शिथिल झालेला रोगी जागा असला तरी तसे कळविण्याचे साधन त्याच्यापाशी उरत नाही. यावर १९७७ साली टन्स्टॉल याने सुचविलेला उपाय भाषेच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटेल. औषध देण्यापूर्वी दंडाला पट्टा आवळून एक हात त्या औषधापासून मोकळा ठेवावयाचा आणि रोग्यास हाक मारून हात हलविण्यास सांगावयाचे. सर्व यंत्रे असताना जाणिवेचा ठाव घेण्यासाठी पुन्हा शब्दाकडेच वळावे लागले.

शब्दाचे हे महत्त्व भूल देण्याच्या आधी अधिकच असते. रोग्याचे पोट रिकामे नसेल तर अन्न उलटून फुप्फुसात जाते व जीव धोक्यात येतो, हे मेंडेलसनने १९४६ साली स्पष्ट केले. म्हणून हलके अन्न वा दूध घेतल्यापासून साधारणपणे सहा तास आणि साधे पाणी घेतल्यापासून दोन तास जाऊ दिले जातात. येथे मराठीतील एक भेद निर्णायक ठरतो. 'उपाशी' म्हणजे काही न खाल्लेला. 'उपास' असलेल्या माणसाने मात्र साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, दूध किंवा चहा घेतलेला असू शकतो. 'उपास आहे' हे रोग्याचे उत्तर त्याच्या भाषेत पूर्णपणे खरे असते आणि भूलतज्ज्ञाच्या दृष्टीने घातक ठरू शकते. 'जेवलात काय?' या प्रश्नास चहा-पाव घेतलेला माणूसही प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, डोळ्याचा 'डोया' व गळ्याचा 'गया' होतो. 'मला' ऐवजी 'मले' येते. 'मले दम लागते' किंवा 'दात हालून रायला' ही वाक्ये ऐकणाऱ्यास बोलीचे नमुने वाटतील. भूलतज्ज्ञास ती श्वासाच्या विकाराची आणि नळी घालताना निखळू शकणाऱ्या दाताची पूर्वसूचना होत.

२००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेतील सुरक्षिततेसाठी जी तपासणीसूची प्रसृत केली, तिचा पहिला भाग भूल देण्यापूर्वीचा आहे. त्यात रोग्याने आपली ओळख, शस्त्रक्रियेची जागा आणि संमती यांस स्वतः दुजोरा द्यावयाचा असतो. रक्तातील प्राणवायू मोजणारे, बोटास लावावयाचे यंत्र चालू आहे याचीही खात्री त्याच वेळी करावयाची असते. नाडी आणि प्राणवायू या दोहोंची वार्ता देणारे हे उपकरण जपानी अभियंता आओयागी याने १९७४ साली मांडलेल्या तत्त्वावर चालते; साइम आणि स्नो यांच्या अनुयायांचा वाद त्याने एका बोटावर मिटविला असे म्हणता येईल. तथापि रोग्याने काय खाल्ले, त्यास कोणते औषध सोसत नाही, हे त्या यंत्रास समजत नाही. अमरावतीचे आयर्विन रुग्णालय असो वा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय, खेड्यातून आलेल्या रोग्याचे ते अखेरचे उत्तर त्याच्या बोलीत ऐकून, नेमका उलट प्रश्न विचारणारा माणूस तेथे असावा लागतो. त्या उत्तरानंतर रोगी बोलत नाही, आणि पुढील सर्व निरीक्षण त्या उत्तराच्या आधारावर उभे राहते.