अक्षरांचे अंक

1858 साली इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा विष्णुभट गोडसे शहरात होते. पुढे त्यांनी लिहिलेला वृत्तान्त मोडीत होता. चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली तो प्रसिद्ध केला तो बालबोधीत. मोडी भराभर लिहिण्याची लिपी असल्याने तीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळीत नसत. बालबोधीत उतरविणाऱ्याला मात्र प्रत्येक इकाराचा निर्णय करणे भाग पडे. कोणता भेद कोणत्या खुणेने राखावयाचा, हा प्रश्न असा जुनाच आहे. संगणकाने तो अंकांत मांडला, इतकेच.

संगणकाला अक्षर कळत नाही, अंक कळतो. 1963 सालच्या अमेरिकन ‘आस्की’ संकेतात अवघ्या 128 जागा होत्या. त्यांत नागरीला स्थान कोठून असणार! 1991 साली मानक ठरलेल्या भारतीय ‘इस्की’ने एका बाइटच्या 256 जागांपैकी पहिला अर्धा भाग इंग्रजीस ठेवून उरलेल्यात भारतीय लिपी बसविल्या. नागरी ‘क’ व बंगाली ‘क’ यांचा अंक एकच. कल्पना मोठी चतुर होती. तथापि छापखान्यांना सुबक अक्षर हवे होते, आणि टंक तयार करणाऱ्यांनी अक्षरांऐवजी त्यांचे तुकडेच, प्रत्येकाने आपापल्या क्रमाने, अंकांवर बसविले. एका टंकातील मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. असा पुष्कळ मजकूर आजही रूपांतर केल्यावाचून वाचता येत नाही.

1991 सालीच ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली. तिने प्रत्येक लिपीला स्वतंत्र जागा दिली. देवनागरीची मांडणी 1988 च्या इस्कीवरून घेतली. पुढच्या वर्षी केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी हे अंक साठविण्याची ‘यूटीएफ-8’ ही रीत बसविली. तीत इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो, नागरी चिन्हास तीन. ‘झाशी’ या शब्दात चार चिन्हे. इस्कीत चार बाइट, येथे बारा. मराठीवर हा तिप्पट कर कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु जुन्या इंग्रजी आज्ञावल्या न मोडता सर्व लिपी एका कागदावर नांदतात, हा लाभ पाहता कर हलकाच म्हटला पाहिजे.

खरी कसोटी बारकाव्यांची. जेवणाचे आचार्यास सांगावे की आचाऱ्यास, हा भेद मराठीत केवळ रकाराच्या आकारावर उभा आहे. युनिकोडने तो ‘ऱ’ या वेगळ्या अक्षराने राखला. मात्र हेच अक्षर ‘र’ला खाली नुक्ता देऊनही लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही एक, यंत्राला दोन. म्हणून शोध घेण्यापूर्वी दोन्ही रूपे एक करून घेणे आज्ञावली लिहिणाऱ्यास चुकत नाही. ‘ॲ’ला तर स्वतःचा अंक मिळण्यास 2008 साल उजाडावे लागले.

2014 साली मोडीलाही युनिकोडमध्ये स्थान मिळाले. तिच्या प्रत्येक चिन्हास यूटीएफ-8 मध्ये चार बाइट लागतात. त्या तक्त्यात ऱ्हस्व आणि दीर्घ इकारांना निरनिराळे अंक आहेत. त्यामुळे दप्तरातील मोडी कागद मोडीतच संगणकावर उतरविणाऱ्यालाही, मूळ लेखणीने न केलेली ती निवड प्रत्येक इकारापाशी करावी लागते.