लाइट गेली तेव्हा १८४६ आठवलं
आमच्या कोल्हारला प्रवरा आहे, समुद्र नाही. तरी घरात प्रवाळाची टाकी ठेवलीय. परवा रात्री लाइट गेली, तासाभरात इन्व्हर्टरनेही मान टाकली. अंधार परवडतो, पण पंप थांबला की पाण्यातला ऑक्सिजन संपत जातो.

तेव्हा अ‍ॅना थिन आठवली. १८४६ मध्ये तिने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेलं. वीज कुठली? उघड्या खिडकीपाशी समुद्राचं पाणी अर्धा-पाऊण तास या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचं. ओतायची घरातली लहान मोलकरीण. तिला मजा वाटायची, असं बाईसाहेब लिहितात!

मीही मग्गा घेतला. प्लॅस्टिकचा, तांबं प्रवाळाला मारतं. आईने मोबाईलचा टॉर्च धरला. वीस मिनिटांत खांदा भरून आला. मजा?

पहाटे लाइट आली. दुपारपर्यंत प्रवाळ उमललं, एक कोपरा सोडून.