विद्यापीठातले 'एल्डर': कॅनडातील आदिवासी विद्यार्थ्यांचा आधार

प्रवेश झाला, शिष्यवृत्ती मंजूर झाली, वसतिगृहात खोलीही मिळाली. तरी पहिल्याच वर्षी विद्यार्थी शिक्षण सोडून गावी परततो. महाविद्यालयीन मुलामुलींसोबत काम करताना आम्ही हे अनेकदा पाहिले आहे. कॅनडातील आदिवासी समाजांपुढेही हाच प्रश्न होता. त्यांनी काढलेला एक मार्ग म्हणजे समाजाच्या जाणत्या ज्येष्ठांना विद्यापीठातच हक्काची जागा देणे.

एल्डर कोणाला म्हणतात?

फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी हे कॅनडाच्या राज्यघटनेने मान्य केलेले तीन आदिवासी समूह. त्यांच्यात 'एल्डर' म्हणजे केवळ वयाने मोठी व्यक्ती नव्हे. भाषा, इतिहास, विधी आणि जमिनीचे ज्ञान असलेल्या, आचरणाने आदर कमावलेल्या स्त्री-पुरुषांना समाज एल्डर मानतो. हा मान अर्ज करून मिळत नाही.

गरज का पडली?

१८७६ च्या इंडियन अ‍ॅक्टमध्ये विद्यापीठाची पदवी घेणाऱ्या आदिवासीचा कायदेशीर 'इंडियन' दर्जा संपवण्याची तरतूद होती. म्हणजे शिकायचे तर समाजातून बाहेर पडायचे. दुसरीकडे सरकार आणि चर्च यांच्या निवासी शाळांत दीड लाखाहून अधिक मुले घरापासून तोडून ठेवली गेली. मातृभाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा होत असे. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये या धोरणाला 'सांस्कृतिक वंशसंहार' म्हटले. आज शिकणाऱ्या कित्येकांचे आईवडील किंवा आजी-आजोबा त्याच शाळांतून गेलेले आहेत. अशा घरात शिक्षणसंस्थेची धास्ती असणे साहजिक आहे.

ते काय करतात?

ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात १९८७ मध्ये 'फर्स्ट नेशन्स हाउस ऑफ लर्निंग' सुरू झाले आणि १९९३ मध्ये त्याचे लाँगहाउस, म्हणजे पारंपरिक धाटणीचे लाकडी सभागृह, उभे राहिले. आज कॅनडातील अनेक विद्यापीठांत अशी केंद्रे आहेत. विद्यार्थी तिथे एल्डरांसोबत चहा घेतात, जेवतात, भाषा शिकतात, वर्तुळात बसून एकेक जण बोलतो आणि बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात. परीक्षेची भीती, घरातला मृत्यू, वर्गात ऐकावा लागलेला वंशद्वेषी शेरा, सगळे तिथे बोलता येते. अनेक समाजांत सल्ला मागताना एल्डरला तंबाखू अर्पण करण्याची रीत आहे. एल्डर मानसोपचारतज्ज्ञांची जागा घेत नाहीत. पण 'तू कोणाचा, कुठला' हे सांगावे लागू नये, हा दिलासा तेच देऊ शकतात.

चार सूत्रे

क्री समाजाच्या शिक्षणतज्ज्ञ वर्ना कर्कनेस आणि रे बार्नहार्ट यांनी १९९१ च्या लेखात विद्यापीठांसमोर चार सूत्रे ठेवली: आदर, सुसंगती, परस्पर देवाणघेवाण आणि जबाबदारी. 'आदिवासी विद्यार्थी कुठे कमी पडतो' एवढेच विचारत बसण्यापेक्षा विद्यापीठाने स्वतः बदलावे, हा त्याचा गाभा.

मर्यादा

काही ठिकाणी एल्डरला कार्यक्रमाच्या प्रारंभी चार शब्द बोलण्यापुरते बोलावतात. योग्य मानधन नाही, निर्णयात वाटा नाही. असा सन्मान देखाव्यापुरता उरतो. एक-दोन एल्डरांवर शेकडो विद्यार्थ्यांचा भार टाकणे हाही अन्यायच.

आपण काय घ्यावे?

आपला इतिहास वेगळा आहे. परंपरेनेच आपल्याला शिक्षण नाकारले. त्यामुळे त्यांचे विधी उचलण्याचे कारण नाही. पण बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले, तेव्हा मुलांना प्रवेशासोबत आपले वातावरणही मिळाले. आज आपली मुले शेकडो कॉलेजांत विखुरली आहेत, अनेकदा वर्गात एकटीच असतात.

आपल्या वस्त्यांत पहिल्या पिढीचे पदवीधर, निवृत्त शिक्षिका, परिचारिका, कारकून आहेत. वर्गातला अपमान पचवून आपण पदवी कशी पूर्ण केली, हे त्यांना ठाऊक आहे. जयंतीला त्यांचा सत्कार करून आपण थांबतो. त्याऐवजी आठवड्यातला एक ठरलेला दिवस त्यांनी विहारात किंवा वसतिगृहात बसावे, भाषण न देता ऐकावे, एवढी सुरुवात प्रत्येक शाखा या सत्रापासून करू शकते. मुलगा बॅग भरून गावी निघण्याआधी त्याला जाऊन बसता येईल असे एक दार उघडे हवे.