फाशीची शिक्षा रद्द करावी का? भारतातील वादाची पार्श्वभूमी

ब्रिटिश काळापासून चालत आलेली फाशीची शिक्षा १ जुलै २०२४ रोजी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही कायम ठेवली आहे. ती रद्द करण्याचा विचार मात्र नवा नाही. फाशीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा का, यावर ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत चर्चा सुरू होती. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, अपिलाची तरतूद करण्यापेक्षा ही शिक्षाच रद्द करण्यास आपण पाठिंबा देऊ, अशी भूमिका मांडली होती.

१९५५ च्या दुरुस्तीपूर्वी खुनाच्या खटल्यात फाशी न दिल्यास न्यायाधीशांना त्याची कारणे नोंदवावी लागत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हे सूत्र उलटे केले आणि फाशी देण्यासाठी विशेष कारणे आवश्यक ठरली. बच्चनसिंग खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ही शिक्षा घटनात्मक ठरवली, मात्र ती ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणांपुरती मर्यादित केली. असहमती नोंदवणारे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या मते, आरोपी जगणार की मरणार हे खटला कोणत्या पीठापुढे येतो यावर अवलंबून राहते आणि त्याची झळ प्रामुख्याने गरिबांना बसते.

नाशिक जिल्ह्यातील एका खटल्याने हा आक्षेप अधिक गंभीर केला. २००३ मध्ये एका कुटुंबातील पाच जणांची हत्या झाली. या प्रकरणी भटक्या जमातीतील सहा मजुरांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून उर्वरित तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशी दिली. पुढे त्यांच्यापैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचे निष्पन्न झाले. अखेर ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते, तरी तो धागा तपासात सोडून देण्यात आला, हे निकालातून समोर आले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला देण्यात आला. तोपर्यंत त्यांची सुमारे सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. निकालाची अंमलबजावणी वेळेत झाली असती, तर भरपाई घेण्यास कोणी उरलेच नसते.

२०१५ मध्ये न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे वगळता ही शिक्षा रद्द करण्याची शिफारस केली. तीन सदस्यांनी त्यास विरोध नोंदवला. १९६७ च्या अहवालात याच आयोगाने शिक्षा कायम ठेवण्याचा सल्ला दिला होता.

समर्थकांचा युक्तिवाद केवळ सूडाचा आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. काही गुन्ह्यांची क्रूरता अशी असते की जन्मठेप पीडितांच्या कुटुंबीयांना न्याय वाटत नाही. दहशतवादी कैदी जिवंत राहिल्यास त्याच्या सुटकेसाठी अपहरणे होण्याचा धोकाही मांडला जातो. संसदेचा कलही याच बाजूला राहिला आहे. बारा वर्षांखालील मुलींवरील बलात्कारासाठी २०१८ मध्ये फाशीची तरतूद करण्यात आली.

प्रत्यक्षात २००४ पासून देशात आठ जणांना फाशी देण्यात आली. त्यांपैकी दोन फाशी महाराष्ट्रात, येरवडा आणि नागपूर कारागृहांत झाल्या. उलट २०२३ अखेर फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांची संख्या पाचशेहून अधिक होती. दयेच्या अर्जावरील अवाजवी विलंब हे शिक्षा कमी करण्याचे कारण ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये स्पष्ट करून पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. त्याच तत्त्वावर मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२२ रोजी कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोन बहिणींची फाशी रद्द करून त्यांना जन्मठेप दिली.

शिक्षा सुनावण्यापूर्वी आरोपीची कौटुंबिक, सामाजिक आणि मानसिक पार्श्वभूमी न्यायालयापुढे आणण्यास किती अवधी मिळावा, हा प्रश्न तत्कालीन सरन्यायाधीश उदय लळित यांच्या पीठाने सप्टेंबर २०२२ मध्ये पाच सदस्यीय घटनापीठाकडे सोपवला. दोषी ठरवल्याच्या दिवशीच फाशी सुनावण्याची सत्र न्यायालयांतील प्रथा या प्रश्नाच्या मुळाशी आहे.